कळ

ओंकारने एक लांबट खोकं थेट माझ्या टेबलावर, शब्दकोशांच्या शेजारी ठेवलं तेव्हाच मला शंका आली. हा माझा भाचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहणारा. सांगलीत आला की आधी फ्रिज उघडतो, मग "आत्या, कशी आहेस?" विचारतो. या खेपेला फ्रिज विसरला.

"तुझ्यासाठी आणलंय."

"केवढ्याला देतोयस?"

"अगं, आधी बघ तरी!"

आत कळफलक होता. काळा, सडपातळ. पट्टी लावून बघितलं, जाडी जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर. उजवीकडचे आकडे गाळलेले. कळांभोवती चौकट नाही. ताटात थापून कापलेल्या वड्यांसारख्या त्या पत्र्यावर उघड्या मांडलेल्या. वायर जोडली आणि प्रत्येक वडीच्या कडेने निळा उजेड झिरपायला लागला. मी एक कळ दाबली. टिक्. दुसरी दाबली. टिक्. आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "काय मोडलं?"

"आवाज मस्त आहे ना?" ओंकार म्हणाला.

"मस्त आहे. म्हणून विकतोयस का?"

मग हळूहळू खरं बाहेर आलं. रात्री एक वाजता हा गेम खेळायला बसणार, आणि ह्याचा रूममेट पहाटे सहाला उठणारा. तीन रात्री त्याने सोसलं, चौथ्या रात्री उशी फेकली. साडेचार हजाराची वस्तू परत घ्यायला दुकानदार तयार नाही. तेव्हा ओंकारला आठवली आत्या, जी दिवसभर कोर्टाच्या कागदांची भाषांतरं बडवत बसते आणि जिच्या घरी रूममेट नाही.

"तीन हजार दे. तुला कामाचा आहे, खरंच सांगतो," त्याने खुर्ची ओढली. "तुझ्या जुन्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली मिळून एक रबराची चादर असते. कळ दाबली की रबराचा फुगवटा दबतो, खालचे पातळ पडदे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. म्हणजे जवळजवळ तळाशी जाईपर्यंत काही घडतच नाही. इथे प्रत्येक कळेला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग. निम्म्या वाटेतच अक्षर उमटतं."

"मग उरलेली निम्मी वाट कशाला ठेवलीय?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. थोडा वेळ तो कळ खाली-वर करत बसला. "बोटाला थांबायला जागा हवी ना," शेवटी म्हणाला. "नेहमीच्या जाड मेकॅनिकल कीबोर्डात, म्हणजे चेरी कंपनीच्या त्या प्रसिद्ध एमएक्स लाल स्विचमध्ये, कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि २ मिलिमीटरवर अक्षर धरलं जातं. इथे एकूण ३ आणि दीडवर अक्षर. चेरीनेच काढलेल्या बुटक्या लाल स्विचमध्ये तर १.२ वर."

"आणि तुला ते चांगलं वाटतं."

"अर्थात! वाट कमी, वेळ कमी."

मी एक परिच्छेद टाइप करून बघितला. अक्षरं पटापट उमटत होती, त्यात खोट नाही. पण प्रत्येक शब्दाला बोटाची टोकं पत्र्यावर आपटत होती. खोल आड समजून पोहरा सोडावा आणि तो हातभरावरच खडकावर खण्णकन वाजावा, तसं. हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू फार जोरात मारतेस."

ते खरं आहे. पण त्या जोराला इतिहास आहे, आणि तो मी त्याला ऐकवलाच. मी टंकलेखन शिकले ते गोदरेजच्या यंत्रावर. १९५५ साली गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर काढला. आमच्या इन्स्टिट्यूटमधली यंत्रं त्याची नातवंडं असतील, पण वजनाने आजोबाच. तिथे कळ म्हणजे तरफ. बोटाने दिलेला धक्का दांड्यांतून जात जात पलीकडचा खिळा उचलतो आणि तो खिळा रिबनीवरून कागदावर बसतो. अक्षर किती ठळक उठणार ते विजेवर नाही, बोटावर. कोर्टाच्या कामात तर वर एक कागद, खाली तीन कार्बन. चौथी प्रत वाचता आली नाही तर वकील कागद तोंडावर फेकायचे. असा हात घडला की तो दीड मिलिमीटरसाठी बदलत नाही.

"म्हणजे दोष कीबोर्डाचा नाही," ओंकार म्हणाला.

"दोष कुणाचा ते राहू दे. तीन हजार माझे आहेत."

त्याने दुसरा मार्ग धरला. ह्याची मोजणी सेकंदाला हजार वेळा होते म्हणे. साधा कीबोर्ड कॉम्प्युटरला सेकंदातून १२५ वेळा खबर देतो, म्हणजे ८ मिलिसेकंदांत एकदा. हा दर मिलिसेकंदाला देतो. मी त्याला विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरायला तू किती मिलिसेकंद शिल्लक ठेवले होतेस? तो विषय तिथेच संपला. एकाच वेळी कितीही कळा दाबल्या तरी एकही गळत नाही, हेही त्याने दहा बोटं ठेवून दाखवलं. गळत नाही, मान्य. पण मी भाषांतर करते, हार्मोनियम वाजवत नाही.

इथपर्यंत आमचं भांडण नेहमीच्या वळणाचं होतं: तो आकडे सांगणार, मी बोटं दाखवणार. ते फिरलं एका कळेमुळे. मी सहज विचारलं, "एवढा वेगवान आहे तर तूच ठेव की. आवाजाचं काय, रूममेटला कापूस दे."

ओंकारचा चेहरा पडला. "आवाज हे एक कारण झालं. दुसरं असं की खेळायला हा बरा नाही."

"अरेच्चा!"

"ऐक तर. आमच्या व्हॅलोरंटमध्ये पळता पळता गोळी मारली की कुठेही जाते. नेम हवा तर आधी थांबावं लागतं. आपण डावीकडे पळतोय, म्हणजे बोट ए वर आहे. ए सोडायची आणि निमिषभर डी टिचकवायची, की गडी जागच्या जागी थांबतो. मग गोळी. तेव्हा कळ किती लवकर लागते यापेक्षा ती किती लवकर सुटते ते महत्त्वाचं."

"आणि ही सुटत नाही?"

"सुटते, पण मागाहून. हा टिक् आवाज येतो ना, त्यासाठी आत एक जादा बारीक भाग असतो. दाबताना तो एका ठिकाणी निसटतो, पण पुन्हा जागेवर बसायला कळ त्या ठिकाणाच्या बरीच वर यावी लागते. म्हणजे खाली जाताना अक्षर जिथे धरलं, वर येताना ते तिथेच सुटत नाही, आणखी वर गेल्यावर सुटतं. सावकाश टाइप करताना कळत नाही. पण डी पटापट टिचकवायला लागलं की एखादी टिचकी हुकते. लाल स्विच घ्यायला हवा होता. त्यात आवाज नाही, अडखळ नाही, सरळ खाली-वर. पण दुकानात हा वाजवून बघितला आणि..." त्याने वाक्य सोडून दिलं. कुणी साडी पोत न बघता काठावरून घेते, तसं झालं होतं.

मी मात्र डीपाशी थांबले होते.

"ओंकार, माझ्या जुन्या कीबोर्डवर कुठलं अक्षर पुसलंय बघ."

त्याने बघितलं. ई, डी आणि सी. डी तर साफच गेलेला.

"तू पण खेळतेस की काय?"

मी इनस्क्रिप्टवर टाइप करते. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी मिळून ही एकच मांडणी ठरवली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. टाइपरायटरच्या मांडणीतून हिच्यावर येताना मला तीन महिने रडू येत होतं, पण आता दुसरीवर हात चालत नाही. हिच्यात डी म्हणजे पाय मोडायची कळ. क टाइप करून डी दाबली की क चा पाय मोडतो आणि पुढचं अक्षर त्याला येऊन चिकटतं. ई वर काना. सी वर म. तिन्ही एकाच उभ्या रांगेत, तिन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाला.

"काका लिही," मी त्याला म्हटलं. "के, ई, के, ई. उजवा, डावा, उजवा, डावा. झोका घेतल्यासारखं. आता मामा लिही. सी, ई, सी, ई. चारही वेळा तेच एक बोट, खाली-वर, खाली-वर."

"मामा दमवतो."

"आणि आता 'माणसाच्या' लिही. मोज."

त्याने बोटावर मोजलं. शिफ्ट सोडून नऊ कळा, त्यांतल्या सहा डाव्या मधल्या बोटाच्या. मराठीत 'च्या', 'त्या', 'ल्या' नाही असं वाक्य सापडायचं नाही. दर 'च्या'ला हेच बोट आधी डी वर पाय मोडणार आणि लगेच उडी मारून ई वर काना देणार, मध्ये उजवी करंगळी य टाकणार. एक कळ सुटायच्या आत दुसरीवर गेलं की गोंधळ. इंग्रजी टाइप करणाऱ्याला डावं मधलं बोट इतकं राबवावं लागत नाही, म्हणून कीबोर्डाच्या जाहिरातीत 'टायपिंगसाठी उत्तम' म्हणतात तेव्हा ते कुठल्या भाषेचं टायपिंग, हे विचारायला हवं. कुणी विचारत नाही.

ओंकार डीकडे बघत होता. "म्हणजे माझ्याकडे डी दाबली की पळणारा थांबतो..."

"आणि माझ्याकडे पाय मोडतो."

त्याला हे इतकं आवडलं की त्याने खिशातून चिमटा काढून डीची टोपी उपटलीच. खाली पांढुरका चौकोनी स्विच, त्याच्या डोक्यात दोन चिरा, टोपीला त्यात बसणारे दोन पाय, आणि वरच्या अंगाला मुगाच्या दाण्याहून लहान दिवा. शेजारी चिवड्यातल्या कढीपत्त्याचा एक वाळका तुकडा. "नेहमीच्या स्विचला वर अधिकचं चिन्ह असतं," तो म्हणाला, "त्याला बाजारात हव्या तेवढ्या टोप्या मिळतात. ह्याला दोन पाय. हिचा एक पाय मोडला की दुसरी टोपी शोधत बसायचं." हे मात्र विकायला आलेल्या माणसाने सांगायला नको होतं. मी किंमत पाचशेने मनातल्या मनात खाली आणली.

त्या दिवा-प्रकरणावरून पुन्हा जुंपली. माझं म्हणणं, उजेड हा निव्वळ नखरा. इन्स्टिट्यूटमध्ये सरांनी कळांवरची अक्षरं कागदाचे गोल चिकटवून झाकली होती. जो खाली बघेल त्याच्या बोटांवर पट्टी. एफ आणि जे वरच्या बारीक रेघा बोटाला लागल्या की घर सापडलं. ओंकारचं म्हणणं, तुझा हात घर सोडत नाही, माझा सोडतो. उजवा माउसवर, डावा पाण्याच्या बाटलीकडे, परत येताना अंधारात डब्ल्यू-ए-एस-डी नजरेच्या कोपऱ्यात दिसलं तर बरं पडतं. इथे मला गप्प बसावं लागलं. प्रत्येक हाताचं घर एफ-जेवरच असतं हे मी गृहीतच धरलं होतं.

पण उजेडाची खरी परीक्षा घेतली आईने. ती त्या आठवड्यात माझ्याकडे मुक्कामाला होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका बोटाने टाइप करते, बहिणींना मोठमोठी पत्रं लिहून माझ्याकडून पाठवून घेते. ओंकार कीबोर्ड ठेवून गेला ("पंधरा दिवस वापर, मग बोल") आणि मी तिच्यासाठी कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. स्टिकर लावले आणि दिवे गेले. जिथे स्टिकर तिथे काळोख, फटींतून फक्त निळी कड. स्टिकर काढले तर एन लखलखीत दिसतो, पण ळ शिफ्टमध्ये एन वर आहे हे आईला कोण सांगणार? टोपीच्या खालच्या अर्ध्या भागात मराठी छापलं असतं तरी फार उपयोग नव्हता, कारण दिवा वरच्या अंगाला; वर झगझगाट, खाली अंधूक. शेवटी तिने टेबलावरचा दिवा लावला आणि म्हणाली, "हा बरा. ह्याला मराठी येतं."

पंधरा दिवसांचा हिशेब सांगायचा तर पहिले चार दिवस वाईट गेले. माझी बोटं घरच्या ओळीवर टेकून विसावतात. गोदरेजवर तिथे हाताचा भार टाकला तरी काही व्हायचं नाही. इथे विचार करता करता डावं तिसरं बोट जरा जड झालं की एस लागायचा, म्हणजे एक मात्रा. मात्रेला बसायला अक्षर नसलं की ती पडद्यावर टिंबांच्या वर्तुळावर बसते. पानाला आठ-दहा अशा अनाथ मात्रा निघत होत्या. पाचव्या-सहाव्या दिवशी त्या कमी झाल्या. बोट तळाला जायच्या आधी टिक् ऐकून उचलायला शिकलं, असं मला वाटतं. म्हणजे जो आवाज ओंकारच्या रूममेटला नको होता, तोच माझा मास्तर झाला. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची. इथे प्रत्येक अक्षराला वाजते. टिक् झालं, अक्षर पोचलं, आता खाली जायची गरज नाही. रबरी कीबोर्डाने इतकी वर्षं मला हे कधी कळवलंच नव्हतं, म्हणून मी तळ गाठत होते.

आणि मनगट. गेली दोन वर्षं संध्याकाळी उजव्या मनगटात कळ यायची. (आपल्या भाषेत बटणालाही कळ आणि दुखण्यालाही कळच म्हणतात, ही सोय कुणी केली असेल?) डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात मागे वाकवून टाइप करू नका. माझा जुना कीबोर्ड मागून उंच, वर त्याचे मागचे दोन पायही मी उघडून ठेवायची. टाइपरायटरचा उतार आठवतो म्हणून. हा सडपातळ कीबोर्ड सपाट पडला आणि मनगट सरळ झालं. दहाव्या दिवशी लक्षात आलं की संध्याकाळी बामाची बाटली उघडलेली नाही. हे मी ओंकारला सांगायचं टाळणार होते, भाव वाढवेल म्हणून.

तो आला तेव्हा ह्यांनीच सांगून टाकलं. वर, "रात्री अकरानंतर वाजवायचा नाही, एवढं तिला बजाव," हेही.

"बघ," ओंकार फुगला. "सडपातळपणाचा फायदा! ही काही फॅशन नाही. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या मानकाने कीबोर्डाच्या मधल्या ओळीची उंची ३० मिलिमीटरच्या आत हवी असं ठरवलं होतं, मनगटासाठीच. आज ज्याला आपण जाडजूड म्हणतो तो तेव्हाचा सडपातळ."

"मग तेच मानक पाळून जाडा घेतला असता तरी चाललं असतं. मागचे पाय मिटायचे फक्त."

"मागचे पाय तू आजवर का नाही मिटलेस?"

याला उत्तर नव्हतं. मी चहा ठेवायला उठले.

चहा पिताना सौदा झाला. तो तीनवर, मी दोनवर. टोपीचे पाय, कढीपत्ता, अंधारलेला ळ, सगळं मी मोजून दाखवलं. त्याने मनगट मोजलं. अडीच हजारांवर दोघंही नाखूष झालो, म्हणजे भाव बरोबर असावा. लाल स्विचचा घेणार आहेस का, मी विचारलं. "लालच," तो म्हणाला, "पण या वेळी दुकानात कान बंद करून."

"पावती लिहून देते. सही करून जा."

"आत्या! घरात पावती?"

कोर्टाच्या कागदांत आयुष्य गेलेल्या बाईला हे विचारू नये. मी दिवे मालवले, मुद्दाम, आणि त्याच्याकडे बघत, खाली न बघता टाइप केलं: कीबोर्डपोटी रोख रुपये २,५००, अक्षरी रुपये दोन हजार पाचशे फक्त, आत्याकडून मिळाले. टिक्-टिक्-टिक्, सरळ, न अडखळता. शेवटच्या शब्दानंतर हात ओळीवर विसावू दिला आणि कागद छापून त्याच्यापुढे सरकवला.

ओंकारने पेन उघडलं, वाचलं, आणि सही न करता कागद माझ्याकडे वळवला. 'मिळाले'च्या पुढे टिंबांच्या वर्तुळावर एक मात्रा एकटीच बसली होती.

"हा कीबोर्डाचा दोष," मी म्हणाले.

"अडीच हजार झालेत, आत्या. आता तो तुझा."